पोस्टडॉकच्या जागा शोधून देणाऱ्या सेवा : बेळगावात बसून कुठलं दार ठोठवावं?

‘पोस्टडॉक’, म्हणजे पीएच.डी.नंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची जागा. एवढाच शब्द टाकून बेळगाव-धारवाड पट्ट्यातल्या जाहिराती शोधायला बसलात तर हाती फारसं काही लागत नाही. जागा नसतात असं नाही, त्या दुसऱ्या नावाने निघतात. विद्यापीठातल्या प्रकल्पात तीच जागा ‘रिसर्च असोसिएट’ असते, बेळगावातल्या नेहरूनगरच्या एनआयटीएम (पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था) सारख्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्थेत ती ‘प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट’ होते, आणि आयआयटीत मात्र सरळ ‘पोस्टडॉक्टरल फेलो’. म्हणून जागा कळवणाऱ्या कुठल्याही सेवेची पहिली परीक्षा हीच, की तिला ही सगळी नावं ठाऊक आहेत का. बहुतेकांना नसतात.

पीएच.डी. संपवलेला किंवा प्रबंध सादर करून बसलेला सीमाभागातला मराठी उमेदवार साधारण पाच ठिकाणी हात मारतो: संस्थांच्या वेबसाइट, परदेशी मोफत पोर्टल, मोबाईलवरचे नोकरीचे ग्रुप, गल्लीतलं ऑनलाइन फॉर्म सेंटर, आणि कुणी गळ घातलीच तर पैसे घेणारी कन्सल्टन्सी. निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. पहिल्या दोन गोष्टी फुकट आहेत आणि त्यांच्यावरच काम होतं. ग्रुप हे फक्त घंटी वाजवणारं यंत्र. फॉर्म सेंटर स्कॅन-प्रिंटपुरतं ठीक. कन्सल्टन्सीला दारातूनच नमस्कार.

सेवा कुठलीही असो, शेवटी जाहिरात वाचायची तुम्हालाच आहे, आणि चुकतं ते तिथे. पगाराचा आकडा बघण्याआधी पैसे कुणाच्या थैलीतले ते बघायचं. प्रकारच तीन. एक, प्रकल्पाचे पैसे. दोन, संस्थेचे स्वतःचे. तीन, तुमच्या नावावर मंजूर झालेली फेलोशिप.

आपल्या भागात पहिला प्रकार सर्वांत जास्त. जाहिरातीत ‘प्युअरली टेम्पररी’ आणि ‘को-टर्मिनस’ असे दोन शब्द असतात. दुसऱ्याचा अर्थ असा की प्रकल्प संपला की जागा संपली. प्रकल्प किती महिने झाला आहे, हे जाहिरातीत बहुधा नसतं. तीन वर्षांच्या प्रकल्पाची जाहिरात विसाव्या महिन्यात निघाली तर ‘कालावधी ३ वर्षे’ हे वाक्य खरं असूनही तुमच्या वाट्याला सोळाच महिने येतात. अशी उशिराची जाहिरात निघते ती साध्या कारणाने. आधीचा माणूस कुठे तरी कायम झाला, किंवा पहिला हप्ता यंत्रखरेदीत अडकला आणि माणूस नेमायचं राहून गेलं. मुलाखतीआधी प्रकल्पप्रमुखांना मेलवर तीन गोष्टी सभ्यपणे विचाराव्यात: मंजुरीपत्राची तारीख, प्रकल्प संपण्याची तारीख, आणि या जागेच्या पगारासाठी किती महिन्यांची तरतूद आहे. यात उद्धटपणा काही नाही. चांगले प्राध्यापक एका ओळीत उत्तर देतात. उत्तर टाळलं गेलं तर तेही उत्तरच.

पगाराचंही तसंच. केंद्राच्या विज्ञान विभागांच्या प्रकल्पांत १ जानेवारी २०२३ पासूनचे दर असे: आरए-१ (आरए म्हणजे रिसर्च असोसिएट) ला महिना ५८,०००, आरए-२ ला ६१,००० आणि आरए-३ ला ६७,००० रुपये, वर घरभाडे. बेळगाव, हुबळी-धारवाड, कोल्हापूर ही सगळी घरभाड्याच्या सरकारी वर्गवारीत वाय वर्गातली शहरं. मंजुरीपत्रात घरभाडं १८ टक्के असेल तर ५८,००० वर १०,४४० रुपये आणि २० टक्के असेल तर ११,६००. जाहिरातीत ‘अधिक एचआरए’ न लिहिता नुसतं ‘कन्सॉलिडेटेड’ लिहिलं असेल तर घरभाडं त्यातच धरलंय असं समजून हिशेब मांडा. पगार महिन्याच्या एक तारखेला येईल हे मात्र धरून चालू नका. दुसऱ्या वर्षाचा हप्ता संस्थेने खर्चाचा तपशील आणि विनियोग प्रमाणपत्र पाठवल्यावर सुटतो. ते फायनान्स ऑफिसात अडकलं की दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम मिळतात, तोवर हातउसने. त्या प्रयोगशाळेत आज काम करणाऱ्याला गाठून ‘पगार वेळेवर होतो का?’ एवढं विचारलं की पोर्टलवर न सापडणारी माहिती मिळते.

आरए-१ च्या जागेला पीएच.डी. एकट्यालाच मान नसतो, हेही ध्यानात असू द्या. एम.ई., एम.टेक., एम.फार्म. यांना पदवीनंतर तीन वर्षांचा संशोधनाचा किंवा अध्यापनाचा अनुभव आणि नामांकित सूचीतल्या नियतकालिकात एक शोधनिबंध असेल तर ते त्याच रांगेत उभे राहतात.

तिसऱ्या प्रकाराची, म्हणजे स्वतःच्या नावावरच्या फेलोशिपची, ‘जागा’ अशी निघतच नाही. एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी देणाऱ्या संस्थेची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप घ्या. पूर्वी ही एसईआरबी या तिच्या आधीच्या मंडळाची होती. मुदत दोन वर्षं, वयोमर्यादा ३५, त्यात महिला, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ वर्षांची सूट, आणि आयुष्यात एकदाच घेता येते. यात मार्गदर्शक तुम्हीच शोधायचा आणि त्याचं संमतिपत्र अर्जाला जोडायचं. अर्जाची खिडकी उघडल्यावर मार्गदर्शक शोधायला निघालेला उमेदवार बहुधा गाडी चुकतो, कारण संमतिपत्रावर संस्थेची सही आणि शिक्का लागतो आणि ती फाइल विभाग, रजिस्ट्रार, परत विभाग अशी फिरते. आधी दोन-तीन महिने पत्रव्यवहार सुरू झालेला हवा.

आता सेवांकडे.

संस्थांच्या वेबसाइट पाहायला कंटाळवाण्या, पण मूळ जाहिरात तिथेच. आठवड्यातून एक दिवस ठरवून आठ-नऊ पानं उघडायची: भूतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ, मच्छेचं व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ), केएलई अभिमत विद्यापीठ, एनआयटीएम, धारवाडला कर्नाटक विद्यापीठ, कृषी विद्यापीठ आणि आयआयटी, घाटाखाली गोवा विद्यापीठ, आणि निपाणीपलीकडे शिवाजी विद्यापीठ. ‘करिअर’ हा दुवा बघून थांबू नका. प्रकल्पाच्या जागा बऱ्याचदा ‘नोटीस’, ‘सर्क्युलर’, ‘प्रोजेक्ट रिक्रूटमेंट’ किंवा थेट विभागाच्या पानावर असतात. राज्य विद्यापीठांची परिपत्रकं कन्नडमध्ये असू शकतात. ‘संशोधना’, ‘नेमकाती’ (भरती), ‘अर्जी’, ‘कोनेय दिनांक’ (शेवटची तारीख) हे चार शब्द कन्नड लिपीत ओळखता आले तरी निम्मं काम होतं. या पानांचा दोष एकच: जुनी जाहिरात कुणी काढत नाही. तारीख बघितल्याशिवाय आनंद करून घेऊ नये.

शिवाजी विद्यापीठाच्या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज कायम फिरतो, की इकडचा जातीचा दाखला तिथेही चालतो. तसं नाही. कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या राखीव जागेला चालत नाही, तिथे खुल्या गटातच अर्ज करायचा. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना महाराष्ट्र सरकारच्या भरतीत पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर जी सवलत मिळते ती अधिवासाच्या अटीपुरती. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पात सहसा अधिवासाची अट नसते, त्यामुळे तो कागद जोडायची गरजही पडत नाही. उलट बाजूनेही सांभाळा. कर्नाटकच्या दाखल्यावर ‘३बी’ किंवा ‘२ए’ हा राज्याचा मागास प्रवर्ग छापलेला आहे म्हणजे केंद्राची ओबीसी सवलत आपोआप मिळाली असं होत नाही. केंद्राची यादी वेगळी, तिच्या दाखल्याचा नमुनाही वेगळा. वयाची सूट मागितली आणि दाखला चुकीच्या नमुन्यातला निघाला तर पडताळणीच्या टेबलावर अर्ज बाद.

परदेशी पोर्टलांत युरोपसाठी युरॅक्सेस सर्वांत सरस. युरोपियन कमिशनचं आहे, पैसे लागत नाहीत, आणि देश, विषय, संशोधकाचा टप्पा अशी चाळणी लावता येते. ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके. यावर पगाराची श्रेणी आणि शेवटची तारीख उघड छापलेली असते, ही त्याची मोठी सोय. गणितवाल्यांनी मॅथजॉब्स सोडून दुसरीकडे वेळ घालवू नये. देशातल्या जीवशास्त्राच्या जागांसाठी इंडियाबायोसायन्स नीट चालवलेलं आहे. सगळीकडे ईमेल अलर्ट लावून ठेवायचा, पण शब्द नेमका हवा. ‘केमिस्ट्री’ असा अलर्ट लावलात की दोन दिवसांत इनबॉक्स तुंबतो आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही तो बंद करता. तुमच्या प्रबंधातली पद्धत किंवा यंत्राचं नाव टाका.

ब्रिटनच्या जाहिरातीसोबत ‘पर्सन स्पेसिफिकेशन’ नावाचा कागद असतो. त्यातल्या ‘इसेन्शियल’ मुद्द्यांवर छाननी होते. कव्हर लेटर त्याच क्रमाने, प्रत्येक मुद्द्याला दोन वाक्यं पुराव्यासकट, असं लिहिलं नाही तर सीव्ही कितीही भारी असो, उपयोग नाही. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या काही विषयांना व्हिसाआधी एटास नावाची मंजुरी लागते आणि भारतीयांना त्यातून सूट नाही. रुजू होण्याची तारीख सांगताना ते आठवडे मोजा. जर्मनीत ‘ई-१३, १०० टक्के’ (ई-१३ ही वेतनश्रेणी) लिहिलं असेल तर पूर्ण पगार. ‘६५ टक्के’ किंवा ‘५० टक्के’ दिसलं तर ती जागा बहुधा पीएच.डी. करणाऱ्याची, तुमची नव्हे. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपची खिडकी सप्टेंबरमध्ये बंद होते. पीएच.डी. मिळून आठ वर्षांच्या आत असायला हवं, मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसायला हवं, आणि प्रस्तावाचा मुख्य भाग दहा पानांत बसायला हवा. हाही जाहिरातीचा नव्हे, यजमान प्राध्यापक गाठण्याचा मामला.

व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरच्या नोकरी ग्रुपांबद्दल थोडक्यात. बातमी लवकर येते, पण कापून येते. स्क्रीनशॉटमध्ये वरचा जाहिरात क्रमांक आणि खालच्या अटी गेलेल्या असतात आणि मधे ठळक अक्षरांत पगार. तेवढ्यावर अर्ज करू नका. क्रमांक घेऊन मूळ पीडीएफ शोधा. मूळ सापडत नसेल तर जाहिरात नाहीच असं धरा. ईमेलचा पत्ता जीमेलचा आहे एवढ्यावरून मात्र खोटी ठरवू नका, आपल्याकडे कितीतरी प्रकल्पप्रमुख अर्ज जीमेलवरच मागवतात. खोटेपणाची खरी खूण म्हणजे एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआय नंबरवर ‘प्रोसेसिंग फी’ मागणं.

फॉर्म सेंटरवर थोडं जास्त बोलायला हवं, कारण नुकसान इथेच होतं आणि ते महिन्यांनी कळतं. शहापूर, टिळकवाडी, खानापूर, निपाणी कुठेही जा, चित्र तेच: काउंटरवर दोन कॉम्प्युटर, मागे झेरॉक्स मशीन, काचेवर ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. शिष्यवृत्ती, पहाणी (शेतजमिनीचा उतारा), टीईटीचे फॉर्म रोज भरून त्यांचा हात चालता असतो, आणि तो चालता हातच इथे घात करतो. फॉर्मला ईमेल लागतो, तुम्ही पासवर्ड आठवत बसता, मागे रांग असते, म्हणून दुकानदार दुकानाचाच ईमेल टाकून मोकळा होतो. मुलाखतीचं पत्र त्या इनबॉक्समध्ये पडतं, जिथे शेकडो पोरांचे ओटीपी आधीच पडलेले असतात. शिफारसपत्र आलं नसल्याची सूचनाही तिथेच. तेव्हा लॉगिन, ईमेल, मोबाईल आणि पासवर्ड हे चार स्वतःचे, आणि ‘सबमिट’ स्वतःच्या बोटाने.

स्कॅनसाठी मात्र सेंटर जरूर वापरा. फ्लॅटबेड स्कॅनर मागा, मोबाईल ॲपचा फोटो नको. तो वाकडा येतो, सावली पडते, आणि फुकटच्या ॲपचा शिक्का तुमच्या पदवीवर उमटतो. २०० डीपीआय, ग्रेस्केल पुरतं. गुणपत्रिका वेगवेगळ्या पीडीएफ न ठेवता वर्षक्रमाने एकच फाइल करा. फाइलचं नाव ‘स्कॅन००१’ असं सोडून न देता आडनाव आणि कागदाचं नाव द्या. मर्यादा दोन एमबीची असेल तर दुकानदार जास्तीत जास्त कॉम्प्रेस करतो आणि शिक्का वाचता येत नाही. दुकानातून निघण्याआधी फाइल मोबाईलवर उघडून पदवीचा क्रमांक वाचता येतो का ते बघा.

नावाचा घोळ हा तर सीमाभागाचा खास रोग. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर ‘संतोष बी. पाटील’, कोल्हापुरात घेतलेल्या पदवीवर ‘पाटील संतोष बाळाप्पा’, पासपोर्टवर ‘संतोष बाळाप्पा’ आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, शोधनिबंधांवर ‘एस. पाटील’. माणूस एक, नावं चार. फॉर्म सेंटरवाला समोर असेल त्या कागदावरचं टाकतो. नियम एकच ठेवा: परदेशी अर्जाला पासपोर्टप्रमाणे, देशातल्या अर्जाला जाहिरातीत सांगितलेल्या कागदाप्रमाणे, तो बहुधा दहावीचा. फरकाचं एक प्रतिज्ञापत्र नोटरी करून कायमचं फाइलीत ठेवा. शोधनिबंधांसाठी ऑर्किड (ORCID) या संशोधक-नोंदणीचा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो, त्यात सगळी रूपं जोडता येतात. गावाच्या नावाचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ ला ‘बेळगाम’चं ‘बेळगावी’ झालं, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या कागदांत फरक दिसणारच. परदेशी विद्यापीठाच्या एचआरला ही दोन गावं वाटतात. सोबत एका ओळीची खुलाशाची टीप जोडली की प्रश्न मिटतो.

आणखी एक फेरा. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये झालं. त्याआधी बेळगावच्या कॉलेजांतून ज्यांची बी.एस्सी., बी.ए. झाली त्यांची पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) लागली तर अर्ज धारवाडलाच करावा लागतो, भूतरामनहट्टीला हेलपाटा फुकट जातो. पीएच.डी.ची तारीख लिहितानाही घाई नको. व्हायव्हाची तारीख, अधिसूचनेची तारीख आणि पदवीदान समारंभाची तारीख या तीन वेगळ्या असतात, आणि ‘पीएच.डी.नंतर इतक्या वर्षांत’ ही अट कुठल्या तारखेपासून मोजायची ते प्रत्येक योजनेच्या नियमात लिहिलेलं असतं. एका फॉर्मवर एक आणि सीव्हीत दुसरी असं झालं की शंका येते.

शिफारसपत्रांची सेवा कुणी विकत देऊ शकत नाही, पण बिघाड इथेही होतोच. परदेशी पोर्टल तुमच्याकडून पत्र घेत नाहीत, शिफारस करणाऱ्याला थेट दुवा पाठवतात. आपल्याकडच्या कित्येक सरांचा संस्थेचा ईमेल बंद पडलेला असतो, आणि जीमेल दिला तर काही पोर्टल तो स्वीकारत नाहीत. दुवा स्पॅममध्येही जातो. अर्ज भरण्याआधी सरांना फोन करा: ‘सर, संस्थेच्या मेलवर अमुक नावाने दुवा येईल, जरा स्पॅम पण बघा की.’ शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी, आणि तीन दिवस राहिले की पुन्हा. राग येत नाही कुणाला.

मार्गदर्शकाला पाठवायचा मेल दीडशे-दोनशे शब्दांचा. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या कुठल्या कामाशी तुमचं काय जुळतं, मधे तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करता येतं, शेवटी कुठली फेलोशिप डोळ्यासमोर आहे. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने सुरू होऊन साठ जणांना एकदम गेलेला मेल वाचणाऱ्याला लांबून ओळखू येतो. समाजविज्ञान किंवा आरोग्य सर्वेक्षणाच्या जागांत आपल्या भागातल्या माणसाकडे एक हुकमी पान असतं आणि तो ते सीव्हीच्या तळाला दडवतो: कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही येतात. ‘भाषा: मराठी, कन्नड’ असं मोघम न लिहिता वाचणं, लिहिणं आणि मुलाखत घेणं यांतलं प्रत्येक भाषेत काय जमतं ते वर लिहा. चिकोडी-अथणीच्या खेड्यांत प्रश्नावली घेऊन फिरायला तोच माणूस लागतो.

कन्सल्टन्सीबद्दल दोन वाक्यं पुरेत. ‘परदेशात पोस्टडॉक मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात निवड नसते, आणि ‘सोबत पेपरही छापून देतो’ म्हणाला तर तुमचं नाव कायमचं खराब करण्याचे पैसे तो तुमच्याकडूनच घेतो. ‘यूजीसी केअर’ या मान्य नियतकालिकांच्या यादीचा शिक्का दाखवून कुणी भुरळ घालत असेल तर ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली आहे एवढं सांगा.

एजंटाला पैसे देणं पटतं ते एकाच कामाला: अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारने करून दिलेलं प्रमाणीकरण. कर्नाटकातल्या पदवीची राज्य पातळीवरची पडताळणी बेंगळुरात आणि पुढचं परराष्ट्र मंत्रालयाच्या नेमलेल्या केंद्रातून, एवढ्यासाठी रजा टाकून हेलपाटे घालणं परवडत नाही. सरकारची अपोस्टिलची फी कागदामागे ५० रुपये, बाकीची बहुतेक रक्कम एजंटाची हमाली. ती किती ते आधी लिहून घ्या, मूळ पदवी देताना तिचा क्रमांक टाकलेली पोच घ्या, आणि यजमान विद्यापीठाने मागितल्याशिवाय एकाही कागदावर अपोस्टिल करून घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी साधी स्कॅन प्रत आणि रुजू होताना मूळ कागद एवढ्यावर भागतं.

वॉक-इन मुलाखतीला मात्र कुठलीच सेवा उपयोगी पडत नाही. धारवाडला सकाळच्या बसने पोचता येतं. कोल्हापूरला साडेनऊची वेळ असेल तर पहाटेची गाडी धरा, महामार्गाच्या कामांवर भरवसा ठेवू नका. बेंगळुरासाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची सोयीची. प्रवासखर्च मिळत नाही असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. मूळ कागद, एक झेरॉक्स संच स्वतःच्या सहीचा, प्रबंधाचा दोन पानी सारांश आणि पेनड्राइव्हवर दहा स्लाइडचं सादरीकरण बरोबर ठेवा. स्लाइड पीडीएफमध्येही घ्या, तिथल्या कॉम्प्युटरवर तुमचे फाँट नसतात.